निकाल ‘काही फरक नाही’ असा आला, आता काय करायचं?

पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेले विद्यार्थी, एमडीचे निवासी डॉक्टर, कृषी विद्यापीठात एमएस्सी करणारी मुलं यांच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येत असतो. ‘गृहीतक सिद्धच झालं नाही, तर थीसिस पास होईल का?’ ‘गाईड म्हणतात, अजून दहा सॅम्पल घे, येईल सिग्निफिकन्स.’ ‘असला पेपर कोण छापणार?’ आणि सगळ्यांत हळू आवाजात विचारलेला प्रश्न: ‘हे कुणाला सांगायलाच हवं का?’

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू. हो, सांगायला हवं. पण ‘फरक आढळला नाही’ एवढंच सांगून कुणाचंही भलं होत नाही. तुमच्या प्रयोगाने कोणती शक्यता निकालात काढली, हे सांगता आलं पाहिजे. बहुतेकांची गाडी इथेच अडते, म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

न सांगितल्याने काय होतं

1980 साली ब्रिटनमध्ये लॉरकेनाइड नावाच्या औषधाची छोटी चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या जेमतेम शंभरेक रुग्णांत हृदयाचे अनियमित ठोके या औषधाने आटोक्यात येतात का, हे पाहायचं होतं. औषध घेतलेल्या गटात 9 जण दगावले, न घेतलेल्यांत 1. संशोधकांना तो योगायोग वाटला. पुढे ते औषधही व्यापारी कारणांनी मागे पडलं आणि पेपर राहून गेला. तो छापून आला 1993 मध्ये. दरम्यान त्याच जातकुळीची औषधं डॉक्टर सर्रास देत होते. 1989 मध्ये अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या मोठ्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त आढळले आणि चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. शंभर रुग्णांवरचा तो पेपर वेळेवर छापला असता, तर निदान धोक्याची घंटा तरी वाजली असती.

नैराश्यावरच्या औषधांची गोष्ट अशीच आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदवलेल्या 12 औषधांच्या 74 चाचण्यांचा हिशेब 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. नियामकाच्या मते 38 चाचण्यांचे निकाल अनुकूल होते, त्यातल्या 37 छापून आल्या. उरलेल्या 36 प्रतिकूल किंवा संशयास्पद निकालांच्या होत्या. त्यातल्या 22 छापल्याच गेल्या नाहीत आणि 11 अशा रीतीने लिहिल्या गेल्या, की वाचणाऱ्याला औषध लागू पडल्यासारखं वाटावं. जसा निकाल आला तशा छापलेल्या फक्त 3.

आपल्याकडचं उलट उदाहरण ‘प्लासिड’ चाचणीचं. 2020 मध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी व्हॉट्सॲपवर किती धावाधाव चालायची, हे वाचकांना आठवत असेल. त्याच काळात आयसीएमआरने देशभरातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी केली. 28 दिवसांत आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, असं प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी 44 जणांबाबत (19 टक्के) घडलं आणि न मिळालेल्यांपैकी 41 जणांबाबत (18 टक्के). थोडक्यात, फरक आढळला नाही. हा निकाल सप्टेंबरमध्ये प्रीप्रिंट म्हणून आला आणि ऑक्टोबरमध्ये ‘बीएमजे’त छापला गेला. उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळायला मे 2021 उजाडला, तो भाग वेगळा. पण निर्णय घेणाऱ्यांसमोर आकडे होते.

आधी हे ठरवा: तुमचा निकाल कोणत्या जातीचा?

‘निगेटिव्ह रिझल्ट’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

- परिणाम नाही, असं ठामपणे सांगता येतं. उपयोगी ठरेल एवढा परिणाम असता, तर तुमच्या प्रयोगात तो दिसलाच असता.
- काहीच सांगता येत नाही. नमुना लहान, चढउतार मोठे. परिणाम असेलही, नसेलही.
- प्रयोगच फसला. पॉझिटिव्ह कंट्रोल चालला नाही, अभिकर्मक जुना निघाला, अवकाळी पावसाने दोन प्लॉट वाहून गेले.

तुमचा निकाल यातला कोणता, हे पी व्हॅल्यू पाहून कळत नाही. ती 0.05 च्या वर गेली याचा अर्थ ‘फरक सिद्ध झाला नाही’ एवढाच. ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ असा तो कधीच नसतो. त्यासाठी कॉन्फिडन्स इंटरव्हल बघावा लागतो.

समजा, सोयाबीनवर एका नव्या जैविक द्रावणाची फवारणी तुम्ही तपासताय. फवारणी न केलेल्या प्लॉटचं उत्पादन हेक्टरी 22.4 क्विंटल, फवारलेल्याचं 23.1. फरक 0.7 क्विंटल. तक्त्यात ‘एनएस’ (नॉन-सिग्निफिकंट) लिहून बहुतेकजण इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. आधी विचारा, शेतकऱ्याला परवडायला किती वाढ लागेल? द्रावण आणि मजुरी मिळून हेक्टरी 3,600 रुपये खर्च आणि सोयाबीनचा भाव क्विंटलला साडेचार हजार धरला, तर नुसता खर्च निघायलाच 0.8 क्विंटल वाढ हवी. ही तुमची कसोटी. आता खऱ्या फरकाचा पट्टा, म्हणजेच कॉन्फिडन्स इंटरव्हल, काढा. तो −0.9 ते 2.3 क्विंटल निघाला, तर 0.8 त्यात बसतं आणि 2 सुद्धा बसतं. म्हणजे द्रावण निरुपयोगी आहे असं म्हणायला तुम्हाला आधार नाही. हा दुसऱ्या प्रकारचा निकाल. तेच तीन ठिकाणच्या, जास्त रेप्लिकेशनच्या चाचणीत पट्टा −0.4 ते 0.5 असा निघाला, तर 0.8 त्याच्या बाहेर राहतं. मग छातीठोकपणे लिहा, की या परिस्थितीत ही फवारणी खर्च भरून काढत नाही. हा पहिल्या प्रकारचा निकाल, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने एखाद्या ‘सिग्निफिकंट’ निकालाइतकाच मोलाचा.

कृषीच्या विद्यार्थ्यांना हा पट्टा काढायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. 5 टक्के पातळीची सीडी (क्रिटिकल डिफरन्स) तुम्ही काढताच. दोन प्रक्रियांमधला फरक अधिक-उणे सीडी, हाच तो पट्टा. पंचाईत अशी, की एफ चाचणी लागली नाही की सीडीच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘एनएस’ टाकायची पद्धत पडली आहे. म्हणजे जिथे आकडा सर्वांत गरजेचा, तिथेच तो गाळला जातो. एसई(एम), म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी, तरी दशांशासह छापाच. पुढच्याला त्यावरून सीडी काढता येते.

कसोटीचा आकडा, म्हणजे वरच्या उदाहरणातलं 0.8, प्रयोगाआधी ठरवून सिनॉप्सिसमध्ये लिहिलेला असेल तर उत्तम. ‘समतुल्यता चाचणी’ नावाची सांख्यिकी पद्धत याच तत्त्वावर चालते, आणि तुमच्या विभागातल्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांना ती माहीत असते. नमुन्यात एकही घटना सापडली नसेल, तर त्याहून सोपा नियम आहे: 3 ला नमुन्याच्या संख्येने भागा. 60 नमुन्यांत विषाणू एकदाही आढळला नाही, तर ‘विषाणू नाही’ असं लिहायचं नाही. ‘त्याचं प्रमाण 5 टक्क्यांपर्यंत असू शकतं’ असं लिहायचं.

दुसऱ्या प्रकारचा निकालही टाकाऊ नसतो. प्लासिडचाच पट्टा पाहा: जोखमीतला फरक −6.2 ते +7.8 टक्के बिंदू. म्हणजे शंभरात सहा जणांचा फायदा किंवा आठ जणांचा तोटा, दोन्हींना त्यात जागा होती. पुढे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत 11,558 रुग्णांमध्ये दोन्ही गटांचा मृत्युदर 24 टक्केच आला आणि संशयाला जागा उरली नाही. छोट्या चाचण्यांचे आकडे उघड असले, तर पुढे कुणीतरी ते एकत्र करून उत्तर काढू शकतं. त्यांचा उपयोग तिथे होतो.

थीसिस अडकेल का?

नाही. पीएचडीसाठी गृहीतक सिद्ध झालंच पाहिजे, असं कोणताही नियम म्हणत नाही. नोव्हेंबर 2022 च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलेलाच हवा, ही देशपातळीवरची सक्तीही उरलेली नाही. मात्र विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, तेव्हा पीएचडी विभागातून चालू परिपत्रक घ्या. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

व्हायवात अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. परीक्षक विचारतात, ‘परिणाम दिसला नाही, हे तुमच्या पद्धतीचं अपयश कशावरून नाही?’ याचं उत्तर कंट्रोलमध्ये असतं. पॉझिटिव्ह कंट्रोल चालल्याची नोंद, यंत्राच्या कॅलिब्रेशनची तारीख, नमुन्याची संख्या कशी ठरवली त्याचा हिशेब, ही तीन पानं हाताशी असतील तर चर्चा दहा मिनिटांत संपते. खरं तर पॉझिटिव्ह निकालवाल्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. तो सहसा विचारला जात नाही, हे आपल्या व्हायवांचं दुखणं.

कुणी ‘आता पॉवर (परिणाम असता तर तो दिसण्याची शक्यता) काढून दाखवा’ म्हणालं, तर नम्रपणे सांगा, की निकाल आल्यावर त्याच निकालातून काढलेली पॉवर नवं काहीच सांगत नाही, ते पी व्हॅल्यूचंच दुसरं रूप आहे. त्याऐवजी पट्टा दाखवा.

मोहाच्या जागा

निकाल हवा तसा आला नाही, की हात शिवशिवतात. खालच्या गोष्टी सगळीकडे चालतात, म्हणून त्या चालवून घ्यायच्या नसतात.

- ‘अजून दहा सॅम्पल.’ निकाल पाहून नमुने वाढवत राहायचं आणि पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की थांबायचं, असं केलं तर परिणाम नसतानाही तो कधीतरी ‘सापडतो’. नमुना वाढवायची खरीच गरज असेल, तर किती वाढवणार आणि कुठे थांबणार हे आधी लिहा, गाईडची सही घ्या आणि ही गोष्ट पेपरमध्ये सांगा.
- उपगटांची चाळण. सगळ्यांत फरक नाही, पण 40 वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये आहे! वीस उपगट पाहिले तर एखाद्यात असं योगायोगाने निघायची शक्यताच जास्त. तो शोध म्हणून लिहू नका, पुढे तपासायचा मुद्दा म्हणून लिहा.
- गृहीतक मागाहून बदलणं. सिनॉप्सिसमध्ये एक, थीसिसमध्ये दुसरं. आरआरसीकडे (संशोधन मान्यता समितीकडे) मूळ प्रत असते, हे विसरू नका.
- ‘कल दिसतो.’ पी 0.08 आली की ‘सकारात्मक कल आढळला’ असं लिहितात. 0.03 आली असती, तर कुणी ‘नकारात्मकतेकडे कल’ असं लिहिलं असतं का?

लिहायचं कसं

शीर्षकातच निकाल सांगा. ‘…च्या परिणामाचा अभ्यास’ अशा शीर्षकाखाली काय दडलंय, हे शोधणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं परिणाम असेल. ‘…मुळे उत्पादनात परवडण्याजोगी वाढ आढळली नाही’ हे शीर्षक रूक्ष आहे, पण वाचणाऱ्याचा हंगाम वाचवतं.

सारांशात पट्टा द्या. ‘फवारणीचा परिणाम होत नाही’ असं न लिहिता ‘फरक −0.4 ते 0.5 क्विंटलच्या दरम्यान आहे. खर्च निघायला लागणारी 0.8 क्विंटल वाढ या निकालांशी जुळत नाही’ असं लिहा.

पद्धतीचा भाग मात्र नेहमीपेक्षा सविस्तर हवा. पॉझिटिव्ह निकाल वाचणारा निकाल वाचतो, निगेटिव्ह निकाल वाचणारा ‘यांनी केलं काय’ ते वाचतो. वाण कोणता, मात्रा किती, फवारणी कितव्या दिवशी, जमिनीचा सामू किती, रसायनाचा बॅच क्रमांक काय, प्रतिपिंड कोणत्या कंपनीचं. ज्याला उद्या हाच प्रयोग करायचा आहे, त्याने काय वेगळं करून पाहावं हे या तपशिलातूनच कळतं. चर्चेच्या भागात सबबींची रांग लावू नका. निकाल चुकीचा असण्याची एक-दोन खरी कारणं असतील तर ती लिहा आणि पुढे व्हा.

‘कोण छापणार?’

अमेरिकेतल्या समाजशास्त्रीय प्रयोगांच्या एका मोठ्या संचाचा पाठपुरावा करणारा अभ्यास 2014 मध्ये ‘सायन्स’ मासिकात आला. शून्य निकालांचे, म्हणजे परिणाम न दिसलेल्या प्रयोगांचे, पेपर संपादकांनी नाकारले असतील, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक लेखकांनी लिहिलेच नव्हते. म्हणजे दार वाजवण्याआधीच लोक माघारी फिरले होते. तुमच्यापुढे असलेले पर्याय असे:

- थीसिस. पीएचडीचा प्रबंध ‘शोधगंगा’वर जातो, कृषीचे प्रबंध ‘कृषिकोश’वर. फसलेल्या किंवा शून्य निकालांच्या प्रयोगांचं एक स्वतंत्र प्रकरण किंवा परिशिष्ट करा आणि अनुक्रमणिकेत त्याचं नाव स्पष्ट द्या. खर्च शून्य, जर्नलच्या होकाराची कटकट नाही.
- डेटा भांडार. ‘झेनोडो’ हे युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने चालवलेलं भांडार मोफत आहे. डेटा, तक्ते आणि दोन पानी टिपण चढवलं की डीओआय क्रमांक मिळतो आणि तो सीव्हीत लिहिता येतो. एकदा प्रसिद्ध केलं की मागे घेता येत नाही असं समजूनच चढवा.
- प्रीप्रिंट. जीवशास्त्रासाठी बायोआर्काइव्ह, वैद्यकासाठी मेडआर्काइव्ह, शेतीसाठी ॲग्रीआर्काइव्ह, भौतिकी-गणितासाठी आर्काइव्ह. ज्या जर्नलला नंतर पाठवायचं आहे, त्याला प्रीप्रिंट चालतो का हे आधी पाहा.
- जर्नल. केवळ निगेटिव्ह निकालांसाठी निघालेलं ‘जर्नल ऑफ निगेटिव्ह रिझल्ट्स इन बायोमेडिसिन’ 2002 पासून 2017 पर्यंत चालून बंद झालं. अशा खास जर्नलच्या मागे लागू नका. ‘प्लॉस वन’ 2006 पासून काम नीट केलंय का एवढंच तपासतं, निकाल चमकदार आहे का ते पाहत नाही. ‘एफ1000रिसर्च’ आणि छोट्या टिपणांसाठी ‘बीएमसी रिसर्च नोट्स’ही बघा. तिन्हींकडे शुल्क आहे, आणि प्लॉस वनचं तर लाखाच्या पुढे जातं. पाठवण्याआधीच सवलतीसाठी अर्ज करा; पेपर स्वीकारल्यावर मागितलेली सवलत सहसा मिळत नाही.
- नोंदणीकृत अहवाल. माझ्या मते हा सर्वांत चांगला मार्ग, पण तो प्रयोग सुरू होण्याआधीच धरावा लागतो. प्रश्न आणि पद्धत जर्नलला पाठवायची, परीक्षण व्हायचं, आणि निकाल काहीही आला तरी छापू असं तत्त्वतः मान्य झाल्यावर प्रयोग करायचा. 2013 मध्ये ‘कॉर्टेक्स’ या जर्नलने ही पद्धत सुरू केली. मानसशास्त्रातल्या एका तुलनेत नेहमीच्या पेपरांपैकी 96 टक्क्यांत पहिलं गृहीतक खरं ठरलं होतं, नोंदणीकृत अहवालांत 44 टक्क्यांत. पहिल्या टप्प्याच्या परीक्षणाला काही महिने जातात, म्हणून पीएचडीच्या पहिल्या वर्षातच हालचाल करा. ‘पीअर कम्युनिटी इन’ या उपक्रमात हे परीक्षण मोफत होतं.

आणि एक सावधगिरी. निकाल पडून आहे, जर्नलं नाकारताहेत, अशा मनःस्थितीत ‘आठवड्यात छापून देतो’ अशी ईमेल येते. यूजीसीने मान्य जर्नलांची आपली केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल तपासायची जबाबदारी आता सर्वस्वी तुमची आणि तुमच्या संस्थेची. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का, जुने अंक उघडतात का, शुल्क आधी सांगितलंय का, एवढं पाहिलं तरी निम्मे सापळे कळतात. भुरट्या जर्नलपेक्षा झेनोडो शतपटीने बरं.

गाईड ‘नको’ म्हणाले तर

डेटा बहुतेक वेळा संस्थेचा असतो आणि गाईडना डावलून एकट्याने पेपर पाठवणं नियमातही बसत नाही, शहाणपणाचंही नाही. भांडणापेक्षा हे करून पाहा:

1. तोंडी विचारू नका, चार पानांचा मसुदा घेऊन जा. ‘सर, हे छापायचं का?’ याला ‘नको’ म्हणणं सोपं असतं. समोर कागद असला, की चर्चा मजकुरावर होते.
2. नकाराचं कारण समजून घ्या. त्यांच्याच आधीच्या पेपरशी निकाल विसंगत आहे का? तसं असेल तर वाण, हंगाम, मात्रा यांतला फरक दाखवणारा परिच्छेद आधीच लिहून न्या. त्यातून दोन्ही निकालांना जागा होते.
3. जर्नल नको असेल, तर थीसिसच्या परिशिष्टाला परवानगी मागा. याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.
4. तरीही अडलं तर सल्लागार समितीच्या सहामाही बैठकीत हा मुद्दा मांडा आणि इतिवृत्तात नोंद होईल असं पाहा.

कंपनीच्या पैशातून चाचणी झाली असेल, तर सही करण्याआधी करारातलं प्रकाशनाचं कलम वाचा. मसुदा पाहायला कंपनीने महिना-दोन महिने मागणं रास्त आहे, कारण पेटंटचा अर्ज करायचा असू शकतो आणि भारतात अर्जाआधी माहिती उघड झाली तर पेटंट हातचं जाऊ शकतं. पण ‘कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय प्रकाशन नाही’ असं कलम असेल, तर ते बदलून घ्या. सही झाल्यावर फारसं काही करता येत नाही. छापताना ब्रँडच्या नावाची धास्ती वाटत असेल तर घटक, मात्रा आणि बॅच लिहा. ‘निकृष्ट’, ‘फसवं’ अशी विशेषणं टाळा आणि संस्थेच्या कायदा सल्लागाराला मसुदा दाखवा.

रुग्णांवर चाचणी केली असेल तर

इथे निवड तुमची राहत नाही. हेलसिंकी जाहीरनामा स्पष्ट सांगतो, की अनुकूल निकालांप्रमाणेच प्रतिकूल आणि अनिर्णित निकालही प्रसिद्ध किंवा अन्य मार्गाने जाहीर झालेच पाहिजेत. रुग्णाने संमतिपत्रावर सही केली ती ज्ञानात भर पडेल म्हणून. निकाल कपाटात गेला, तर त्याने उचललेला धोका वाया गेला आणि उद्या दुसऱ्या रुग्णाला तोच धोका पत्करावा लागणार.

चाचणीची नोंद सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत मोफत होते. 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती करावी लागते, नंतर होत नाही. एमडीच्या विषयात उपचार तपासायचा असेल, तर एथिक्स कमिटीची मान्यता हातात पडताच नोंदणीला लागा. शंका-निरसनात आठवडे जातात. काम संपल्यावर नोंदीत चाचणीची स्थिती बदला आणि प्रकाशनाचा तपशील भरा. ‘अद्याप सुरू’ अशी पाटी लावून वर्षानुवर्षं पडलेली नोंद पुढच्या माणसाची दिशाभूल करते.

डेटा उघड करताना नाव आणि नोंदणी क्रमांक काढला, की झालं असं समजू नका. दुर्मिळ आजार, वय 34, गाव अमुक, व्यवसाय पोस्टमन, एवढ्यावरून तालुक्यात कुणीही ओळखेल. गावाऐवजी जिल्हा, नेमक्या वयाऐवजी वयोगट द्या आणि डेटा उघड करायची मुभा संमतिपत्रात होती का, ते तपासा.

कपाटातला जुना डेटा

पाच-दहा वर्षांपूर्वीचे निकाल पडून आहेत, आता काय, असं प्राध्यापक मंडळीही विचारतात. सगळंच बाहेर काढायला बसू नका, ते होणार नाही. ज्या प्रश्नावर आजही लोक काम करताहेत, तो एक निवडा. लॅब नोटबुक आणि एक्सेलच्या फाइली जुळतात का पाहा, रकान्यांची नावं आणि एककं पूर्ण लिहा, फाइल सीएसव्हीत ठेवा. सहलेखकांना मसुदा पाठवून उत्तरासाठी मुदत द्या. एखाद्याशी संपर्क होतच नसेल, तर विभागप्रमुखांना लेखी कळवून त्याचं नाव आभारात घ्यावं की लेखकांत, हे ठरवून घ्या. प्रकल्पाला अनुदान असेल तर प्रोजेक्ट कम्प्लिशन रिपोर्टही जोडा. युटिलायझेशन सर्टिफिकेट सगळे डोळ्यांत तेल घालून तपासतात, पण हा रिपोर्ट फाइलला लागल्यावर सहसा कुणी उघडत नाही, आणि शून्य निकालांची खरी नोंद बऱ्याचदा त्यातच असते.

आणि नोंदीच धड नसतील, कोणत्या प्लॉटला काय दिलं होतं किंवा कोणत्या नळीत कोणता नमुना होता हे आता कुणालाच खात्रीने सांगता येत नसेल, तर आकडे छापू नका. अशा वेळी पद्धत कुठे अडली, एवढंच एक-दोन पानांत लिहून ‘प्रोटोकॉल्स डॉट आयओ’ या प्रयोगपद्धतींच्या संकेतस्थळावर ठेवा आणि मूळ डेटा वापरण्याजोगा नाही, हे त्यात स्पष्ट लिहा.